झुलीचा भाव

विम्याच्या एजंटाने हत्तीच्या झुलीची नोंद 'चादर, मोठी' अशी केली नसती, तर वसंतराव इंगवले पुढच्या भानगडीत पडलेच नसते. निदान ते स्वतः तरी असंच सांगतात.

झालं होतं असं की, बडोद्याच्या गोत्री भागातल्या त्यांच्या सोसायटीत कुणाच्या तरी फ्लॅटमधल्या गिझरने पेट घेतला आणि आठवड्याच्या आत सगळ्या बिल्डिंगला घरातल्या सामानाचा विमा उतरवायची उबळ आली. तन्मय नावाचा एक हसतमुख एजंट मोबाइल हातात घेऊन दारोदार फिरू लागला. वसंतरावांकडे आल्यावर त्याने फ्रिज विचारला, टीव्ही विचारला, वॉशिंग मशीन विचारलं, आणि प्रत्येक वस्तूचं वय ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर दुखवट्याला आल्यासारखी सहानुभूती पसरत गेली. खताच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरात वस्तू बदलत नाहीत, त्या दुरुस्त होतात, हे त्या पोराला कोण सांगणार? शेवटी त्याने विचारलं, की याशिवाय काही वेगळं, मौल्यवान असं घरात आहे का.

वसंतराव जणू या प्रश्नाची कैक वर्षं वाट पाहत बसले होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला आणि म्हणाले, "आहे. हत्तीची झूल आहे."

तन्मयच्या मोबाइलमध्ये हत्तीची झूल नव्हती. सोफा होता, गालिचा होता, व्यायामाचं पळायचं यंत्रसुद्धा होतं. त्याने बराच वेळ अंगठा वरखाली फिरवला आणि मग 'चादरी, पडदे इत्यादी' या खान्यात एक नग टाकून पुढे 'मोठी' असं लिहिलं. किंमत दोन हजार.

आता ही झूल म्हणजे काय चीज आहे, ते थोडक्यात सांगायला हवं. थोडक्यात अशासाठी, की वसंतराव ते विस्ताराने सांगतात आणि त्यात पाहुण्यांची शेवटची बस चुकते. त्यांचे पणजोबा धनाजीराव संस्थानच्या काळात हत्तीखान्यावर दरोगा होते. त्यांच्या हाताखालचा मोहनगज नावाचा हत्ती दसऱ्याच्या मिरवणुकीत मिरवायचा. तो म्हातारपणी गेला तेव्हा धनाजीराव लहान मुलासारखे रडले, आणि ते पाहून वरिष्ठांनी त्याची झूल त्यांना बक्षीस दिली. लाल मखमल, मध्ये किनखाबाचं, म्हणजे जरीच्या रेशमी कापडाचं, भलंमोठं पान, भोवती जरीचा वीतभर काठ, खाली जाड अस्तर. दर दसऱ्याला इंगवल्यांच्या दिवाणखान्यात ती टेबलावर मांडली जायची. पूर्ण उघडायची सोय नव्हती, कारण हत्ती आणि टू-बीएचके ही दोन मापं एकमेकांत बसत नाहीत. मधलं पान आणि एका बाजूचा काठ दिसेल अशी घडी त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई स्वतः घालायच्या, आणि वसंतराव शेजारी उभे राहून काठावर बोट ठेवून सांगायचे, "हे काम पाहा. असे कारागीर आता जन्माला येत नाहीत."

तर या झुलीची चादर झाली. वसंतरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मंदाकिनीबाई म्हणाल्या, चादर तर चादर, हत्ती थोडाच वाचायला येणार आहे? पण वसंतरावांनी ठरवलं होतं, की झुलीची खरी किंमत काढून आणायची, कागदावर आणायची, आणि त्या पोराच्या मोबाइलमध्ये नवा खाना उघडायला लावायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ही बातमी सोसायटीच्या बाकावर पोचली. बाकावरचे पहिले तज्ज्ञ म्हणजे खालच्या मजल्यावरचे हार्दिकभाई. ते सोसायटीचे सेक्रेटरी आणि धंद्याने जमीनजुमल्याचे दलाल. त्यांनी झुलीची लांबी विचारली, रुंदी विचारली, मोबाइलवर गुणाकार केला आणि म्हणाले, "काका, आपणे स्क्वेअर फूटमां गणीए." गोत्रीतला चालू भाव धरला तर झूल बऱ्यापैकी किमतीची ठरत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या तात्यासाहेबांना हा हिशेब ऐकून शिसारी आली. तात्यासाहेब जुन्या बडोद्याचे जाणकार समजले जात. मुख्यतः ते स्वतःच तसं समजत. त्यांनी डोळे मिटून सांगितलं, की असल्या वस्तूला इथे गिऱ्हाईक नाही, ती लंडनला गेली पाहिजे. लंडनला किती येतील, असं कुणीतरी विचारलं. तात्यासाहेब डोळे न उघडताच म्हणाले, "पन्नास लाख. कमीत कमी."

हा आकडा वसंतरावांनी मनावर घेतला नाही, असं ते घरी येऊन मंदाकिनीबाईंना चार वेळा म्हणाले.

पण आकड्याला पाय फुटले. गेटवरचा वॉचमन, जो एरवी वसंतरावांना पाहून खुर्चीतल्या खुर्चीत हलायचा, तो उठून उभा राहू लागला. पुण्याहून मुलीचा, अस्मिताचा फोन आला, की बाबा, मामी विचारत होती, तुम्ही लंडनला चाललात का. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये हार्दिकभाईंनी नव्या प्रवेशद्वाराचा विषय काढला आणि सगळ्यांच्या माना आपोआप वसंतरावांकडे वळल्या. वसंतरावांना नाही म्हणता आलं नाही. खरं तर त्यांना नाही म्हणायचंच नव्हतं. 'कै. धनाजीराव इंगवले प्रवेशद्वार' ही अक्षरं त्यांना संगमरवरावर कोरलेली दिसू लागली होती, आणि ती काळ्या रंगात असावीत की सोनेरी, यावर मीटिंगमध्ये अर्धा तास खल झाला. घरी आल्यावर त्यांनी मंदाकिनीबाईंना काश्मीरला न्यायचं कबूल केलं. मंदाकिनीबाई भेंडी चिरत होत्या. त्या म्हणाल्या, "झूल राहू द्या हो. तिला कशाला त्रास?"

झुलीला कसला त्रास, हे वसंतरावांना कळलं नाही. बायका भावनाप्रधान असतात, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ते मांडवीला गेले.

मांडवीजवळच्या एका गल्लीत जुनी जरी विकत घेणारे व्यापारी बसतात. झूल तिथपर्यंत न्यायची तर तिच्या ट्रंकेसाठी टेम्पो लागला असता, म्हणून मंदाकिनीबाईंनी ट्रंकेत हात घालून जरीचे चारदोन धागे काढून दिले होते. ट्रंक त्यांनी वसंतरावांना उघडू दिली नाही. डांबरगोळ्यांनी तुम्हाला शिंका येतात म्हणाल्या. व्यापाऱ्याने एक धागा दगडावर घासला, एक मेणबत्तीवर धरला, आणि राखेतून निघालेला चमकता कण बोटावर घेऊन तो एकदम आदराने बोलू लागला. अस्सल चांदी होती, वर सोन्याचं पाणी. मग त्याने झुलीचं वजन विचारलं.

वजन कुणाला माहीत असणार? वसंतराव घरी परतले. ट्रंकेसकट झूल उचलून बाथरूमबाहेरच्या वजनकाट्यावर उभे राहिले, मग ट्रंक ठेवून झुलीशिवाय उभे राहिले. त्यातून झुलीचं वजन नीटसं निघालं नाही, मात्र त्यांचं स्वतःचं निघालं. डॉक्टरांना आणि बायकोला ते आजवर जे सांगत आले होते, त्याहून ते बरंच जास्त होतं. त्या रात्रीपासून त्यांचा भात बंद झाला. झुलीपायी सोसावा लागलेला पहिला प्रत्यक्ष तोटा तो हा.

पुन्हा मांडवी. अंदाजाने वजन सांगितल्यावर व्यापाऱ्याने आकडा काढला. आकडा वाईट नव्हता, पण तो चांदीचा होता. झूल तो जाळणार होता. मखमल, किनखाब, सगळं भट्टीत, आणि राखेतून चांदी गाळून घ्यायची, असा त्याचा साधा व्यवहार होता. वसंतरावांचा आवाज चढला. दसऱ्याच्या हत्तीची झूल तुम्ही जाळणार, असं ते म्हणाले. व्यापारी अजिबात रागावला नाही. त्याने वसंतरावांसाठी चहा मागवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, हाथी तो गयो. हवे चांदी ज रही ने."

वसंतराव चहा तसाच ठेवून उठले. परत येताना रिक्षात त्यांना वाटलं, चहा प्यायला हरकत नव्हती.

झूल परदेशी पाठवायची किंवा इथेच चांगल्या ठिकाणी विकायची, तर आधी ती पुराणवस्तू म्हणून सरकारदरबारी नोंदवायला हवी, असं तात्यासाहेबांचं म्हणणं पडलं. त्यासाठीची कचेरी शोधण्यात काही दिवस गेले. ती सापडली तेव्हा साहेब रजेवर होते, साहेब आले तेव्हा कारकून रजेवर होता, आणि दोघं एकत्र सापडले त्या दिवशी वीज नव्हती. कारकून मात्र सज्जन होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ही झूल हत्तीचीच कशावरून? घोड्याची असली तर रकाना बदलतो.

वसंतराव म्हणाले, एवढा घोडा कुठे असतो?

कारकून म्हणाला, तेच तुम्ही लिहून द्या.

म्हणून मग सयाजीगंजात एका वकिलासमोर उभं राहून वसंतरावांनी प्रतिज्ञापत्र केलं, की सदर वस्त्र हत्तीचेच असून अन्य कोणत्याही प्राण्याचे नाही. वकिलाने आधार कार्ड मागितलं तेव्हा, कुणाचं, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. कारखान्यात पस्तीस वर्षं ज्यांच्या शब्दावर टन टन माल हलायचा, त्यांना म्हातारपणी हत्तीची शपथ घ्यावी लागली, हे त्यांच्या मनाला लागलं. पण प्रतिज्ञापत्र कारकुनाला आवडलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि सांगितलं, की आता फक्त जाणकाराचा अभिप्राय आणा, मग काम झालंच.

जाणकार म्हणून जिचं नाव मिळालं, ती देवश्री सरपोतदार. विद्यापीठात जुन्या वस्त्रांचा अभ्यास शिकवणारी, तिशीतली, बोलायला शांत मुलगी. तिने फोनवर एकच अट घातली: झूल पूर्ण उघडलेली हवी आणि उजेड स्वच्छ हवा. म्हणजे गच्ची आली. गच्चीची किल्ली हार्दिकभाईंकडे, त्यामुळे सगळ्या सोसायटीला वेळ कळली. गच्चीवर वाळत घातलेल्या बटाट्याच्या वेफर्सच्या मालकिणींची मनधरणी करावी लागली. त्यांनी वेफर्स उचलले, पण त्याबदल्यात त्या बघायला थांबल्या. रविवारी सकाळी गच्चीवर लग्नाला जमावी तेवढी माणसं जमली. मंदाकिनीबाई आदल्या दिवसापासून गुडघा दुखतो म्हणत होत्या. तरी त्या वर आल्या आणि जिन्याच्या दाराशी उभ्या राहिल्या.

सतरंज्यांवर पांढरी चादर घालून झूल उघडली. कित्येक वर्षांत ती अशी पुरती उघडली नव्हती. उन्हात तिचा लाल रंग असा काही पेटला, की वेफर्सवाल्या बायकांचा कलकलाट थांबला. हार्दिकभाईंनी चौरस फूट मोजायचं सोडून दिलं. तात्यासाहेबांनी हात जोडले. वसंतरावांना मोहनगज, जो त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, समोर उभा दिसू लागला.

देवश्रीने हातमोजे चढवले, भिंग काढलं आणि ती गुडघ्यांवर बसली. मधलं पान तिने बराच वेळ पाहिलं आणि मान डोलावली. पान जुनं होतं, अस्सल होतं, सुंदर होतं. वसंतरावांनी वळून सगळ्यांकडे पाहिलं. मग ती काठाकडे सरकली. काठावर ती थांबली. भिंग जवळ नेलं, लांब नेलं, काठ हळूच उलटून पाहिला. मग तिने वसंतरावांना जवळ बोलावून हलक्या आवाजात सांगितलं, की हा काठ नंतरचा आहे. पण गच्चीवर इतकी शांतता होती, की ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"हा शालूचा पदर आहे," ती म्हणाली. "बनारसी. चाळीसएक वर्षांपूर्वीचा असेल. तीन बाजूंना हाच लावलाय."

तात्यासाहेब म्हणाले, अशक्य. देवश्रीने उत्तर न देता झुलीचा कोपरा उलटून अस्तर वर केलं. अस्तर एकरंगी नव्हतंच. कुठे फुलाफुलांचा पडदा होता, कुठे शाळेच्या गणवेशाचा निळा चौकड्यांचा कपडा होता, आणि एका बाजूला फिक्या आकाशी कापडाचा मोठा तुकडा होता. त्या आकाशी तुकड्यावर एक खिसा होता.

हत्तीला खिसा कशाला, असं कुणीतरी विचारलं आणि गच्ची हसली. हार्दिकभाईही हसले. वसंतराव हसले नाहीत. खिशाच्या खाली शाईचा एक फिकट डाग होता, आणि तो डाग त्यांच्या ओळखीचा होता. कारखान्याच्या गणवेशाचा शर्ट होता तो. तो हरवला म्हणून त्यांनी तेव्हा धोब्याशी भांडण केलं होतं आणि धोबी बदलला होता.

देवश्रीने पुढचं सांगितलं ते समजुतीनेच सांगितलं. आहे तशा झुलीला पुराणवस्तू म्हणून भाव येणार नाही. अर्ध्याहून जास्त भाग घरातला आहे. पण वाईट वाटून घेऊ नका, म्हणाली. काठ आणि अस्तर उसवून काढलं आणि मधलं पान तेवढं वेगळं केलं, तर त्याला संग्राहक मिळेल, चार-पाच लाख सहज येतील. ते उसवायचं काम तिच्या ओळखीचे लोक नीट करून देतील. मग तिने काठावरून बोट फिरवलं आणि वर पाहून विचारलं, "हे कुणी केलंय? जुनं कुठे संपतं ते उलटून पाहीपर्यंत मलाही कळलं नाही."

जिन्याच्या दारातून मंदाकिनीबाई म्हणाल्या, की चहा झालाय, सगळ्यांनी खाली यावं, निवतोय.

वसंतरावांना तिथे एक क्षणही थांबवेना. त्यांनी झूल गुंडाळायला घेतली. देवश्री नको नको म्हणत असतानाच त्यांनी ती ओढली, कोपरा डिश अँटेनाच्या लोखंडी सळईत अडकला आणि टर्रकन फाटला. तो आवाज गच्चीवरच्या सगळ्यांनी ऐकला आणि सगळे लगेच आभाळाकडे, टाक्यांकडे, लांबच्या बिल्डिंगकडे पाहू लागले. बडोद्याची माणसं तशी समजूतदार. झूल खाली न्यायला हार्दिकभाईंनी न बोलता दुसरं टोक धरलं. दाराशी आल्यावर ते फक्त एवढंच म्हणाले, की गेटला सध्या नुसता रंग दिला तरी चालेल, काका, दगड-बिगड काही घाई नथी.

दुपारभर वसंतराव आरामखुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. राग आला होता, पण तो नेमका कुणाचा, ते ठरत नव्हतं. आधी तो देवश्रीचा होता, मग तात्यासाहेबांचा झाला, आणि हळूहळू तो कुणाचाच राहिला नाही; नुसती लाज उरली. त्यांना एकेक दसरा आठवू लागला. काठावर बोट ठेवून त्यांनी किती जणांना सांगितलं असेल, की असे कारागीर आता जन्माला येत नाहीत. जावयाच्या वडिलांना सांगितलं होतं, कारखान्याच्या मॅनेजरला सांगितलं होतं, गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सांगितलं होतं. आणि त्या प्रत्येक वेळी मंदाकिनीबाई चिवड्याची बशी घेऊन शेजारी उभ्या असायच्या आणि पाहुण्यांना म्हणायच्या, घ्या ना अजून थोडा.

ऊन उतरल्यावर त्या लसणाची गड्डी घेऊन समोर येऊन बसल्या. वसंतरावांनी भिंतीकडे पाहतच विचारलं, "शालू कधी कापलास?"

"पुराच्या साली," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

तेव्हा ते सयाजीगंजात तळमजल्यावर राहायचे. विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा वसंतराव कारखान्यात अडकले होते.

"ट्रंक तर पलंगावर चढवली होतीस. तूच सांगितलं होतंस."

"पलंगावर तुमच्या आईंना चढवलं आणि अस्मिताला. ट्रंक खालीच राहिली. पाणी उतरल्यावर उघडली तर मधलं पान आणि मखमल तेवढी धड. तीन बाजूंचा काठ, अस्तर, सगळं कुजलेलं."

"मग मला सांगायचंस ना."

मंदाकिनीबाईंनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली. "तुम्ही दोनतीन दिवसांनी आलात. चिखलाने भरलेले. दारातच विचारलंत, झूल कशी आहे? आम्ही कसे आहोत, ते मागाहून." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. कालची भाजी कशी झाली होती, ते सांगावं तसं सांगितलं. "तेव्हाच ठरवलं, की हिला काही झालं नाही. चांगली आहे म्हटलं. मग ती चांगली करणं भाग होतं."

दुपारी वसंतराव कामावर आणि अस्मिता शाळेत गेली, की त्या ट्रंक उघडायच्या. टाके घालायला त्यांना डभोईला, माहेरी, आईने शिकवलं होतं. कुजलेल्या काठातली जरी एकेक धागा सोडवून त्यांनी धुऊन ठेवली होती, आणि शालूवर पुन्हा जुन्या काठावरची तीच वेल चढवली होती. मांडवीला जळून चांदी निघाली ती त्या जुन्या धाग्यांतली. काम पुरं व्हायला कितीतरी वर्षं लागली. पुढे पुढे सवयच झाली, त्या म्हणाल्या; घर शांत असायचं, बरं वाटायचं.

"पण लग्नाचा शालू गं, मंदा."

"त्या काठाशी मिळती दुसरी जरी घरात नव्हती. आणि शालू नेसून मी जाणार कुठे होते? तुमच्या तिन्ही शिफ्टा." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही लोकांना सांगायचात ना, असे कारागीर जन्माला येत नाहीत म्हणून. मला आवडायचं ते ऐकायला."

वसंतरावांनी लसणाची वाटी आपल्याकडे ओढली आणि पाकळ्या सोलायला घेतल्या. त्यांना ते जमत नव्हतं. पण मंदाकिनीबाईंनी सोलू दिलं.

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेब सकाळीच वर आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: काठ उसवा, अस्तर काढून टाका, पान विका, गेट बांधा. पाच लाख म्हणजे काही कमी नाहीत, लंडनचं पुढे पाहता येईल. वसंतरावांनी त्यांना चहा दिला, बिस्किट दिलं आणि झूल विकायची नाही म्हणून सांगितलं. तात्यासाहेबांनी कारण विचारलं. वसंतरावांनी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, की उसवायचं म्हटलं तर आमच्या घरात ते कुणाला येत नाही. हे कारण तात्यासाहेबांना पटलं नाही, पण त्यांनी दुसरं बिस्किट घेतलं.

देवश्रीला त्यांनी स्वतः फोन करून तसं कळवलं आणि काठ कुणी केला तेही सांगितलं. ती म्हणाली, की कामाच्या दृष्टीने मी तुम्हाला सांगायला नको, पण मला बरं वाटलं. आपल्या विद्यार्थिनींना घेऊन मंदाकिनीबाईंकडे एकदा टाके बघायला येऊ का, असंही तिने विचारलं. मंदाकिनीबाईंनी हाताने नको नको अशी खूण केली, आणि वसंतरावांनी फोनमध्ये सांगितलं, की कधीही या. पुढे त्या मुली येऊ लागल्या. मंदाकिनीबाई त्यांना शेवउसळ करून घालतात आणि टाका चुकला की बोटावर चापट मारतात. कचेरीतल्या कारकुनालाही वसंतराव भेटून आले. प्रतिज्ञापत्र परत मागितलं तर तो म्हणाला, राहू द्या, असं दुसरं आमच्याकडे नाही. विमा, गेट, काश्मीर, सगळं जिथल्या तिथे राहिलं. काश्मीर तेवढं वसंतरावांच्या मनातून गेलं नाही, पण ते आता पेन्शनीतून हळूहळू जमवायचं ठरलं आहे.

राहिला तो फाटलेला कोपरा. तो फार वाईट फाटला होता आणि शालू तर कधीच संपला होता. एका दुपारी वसंतरावांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक शाल काढून मंदाकिनीबाईंपुढे ठेवली. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने सभागृहात सगळ्यांसमोर त्यांच्या खांद्यावर घातलेली, तांबड्या काठाची. ती त्यांनी कधी पांघरली नव्हती आणि कुणाला पांघरू दिली नव्हती. मंदाकिनीबाईंनी शालीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि कात्री कुठे ठेवली आहे ते विचारलं.

शिवायला आपणही बसणार, असा वसंतरावांनी हट्ट धरला. मंदाकिनीबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, म्हणून निदान सुईत दोरा तरी ओवता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. दोरा ओवण्यात पहिला अर्धा तास गेला. मग ते टाके घालू लागले. त्यांचे टाके म्हणजे रेल्वेचे रूळ; काही ब्रॉडगेज, काही मीटरगेज, आणि मध्येच एखादा मालगाडीसारखा रस्ता सोडून गेलेला. मंदाकिनीबाई पाहायच्या आणि छान जमतंय म्हणायच्या. वसंतरावांनाही मग तसं वाटू लागलं.

एक दिवस दुपारी जेवून ते जरा आडवे झाले आणि नेहमीपेक्षा लवकर जाग आली, म्हणून चहा टाकायला उठले. दिवाणखान्याच्या दाराशी ते थबकले. मंदाकिनीबाई खिडकीच्या उजेडात झूल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सकाळी वसंतरावांनी घातलेले टाके त्या छोट्या कात्रीने एकेक करून उसवत होत्या आणि तिथेच, त्याच जागी, आपले बारीक टाके घालत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. काहीतरी गुणगुणत असाव्यात. बरंच काम उरलं होतं.

वसंतराव पाऊल न वाजवता मागे सरले आणि स्वयंपाकघरात गेले. मग त्यांनी पातेलं ओट्यावर जरा मोठ्याने ठेवलं, नळ सोडला, खोकले, आणि बाहेर जायच्या आधी अजून थोडा वेळ थांबले.